चांगुणाच्या नावाआधीचा शब्द

मृत्युपत्र लिहून ठेवणार: नरसिंग केरबा गजभारे, वय वर्षे पंचावन्न, धर्म बौद्ध, धंदा वकिली, त्याआधी फौजेत हवालदार. राहणार लातूर. मूळ गाव मुदखेड स्टेशनापासून दोन कोसांवर, जिल्हा नांदेड.

लिहून ठेवतो की, माझी अक्कल आज तारखेस ठिकाणावर आहे. ज्यांना याविषयी शंका आहे त्यांनी ती वेळोवेळी माझ्या तोंडावर बोलून दाखवली आहे, तेव्हा माझ्यामागे कोर्टात पुन्हा मांडण्याचे श्रम घेऊ नयेत. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि फौजी कँटीनची शेवटची बाटली संपून बारा दिवस झाले आहेत. छातीत दोनदा कळ येऊन गेली. पुढची तारीख मिळेलच असे नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. म्हणून हा खटाटोप.

बारा वर्षे मी लोकांच्या फारकती, वाटण्या, पोटग्या आणि मृत्युपत्रे लिहिली. स्वतःचे हे चौथे. आधीचे तीन मसुदे मीच फाडले, कारण तिन्ही वेळा पेन एकाच जागी अडले. चांगुणाच्या नावाआधी कोणता शब्द लिहावा? पत्नी लिहावे तर ते कोर्टात टिकेल का अशी माझ्यातल्या वकिलाला शंका, आणि न लिहावे तर दुपारची भाकरी मिळेल का अशी माझ्यातल्या नवऱ्याला शंका. हे मृत्युपत्र लांबले आहे ते त्या एका शब्दापायी. वाचणाऱ्याने दमाने घ्यावे.

कलम १. घर.

१९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा काढला. या भागातली ती सर्वांत मोठी वाटणी, पण भावाभावांची डोकी न फुटता झाली, म्हणून वकिलांच्या पदरात काही पडले नाही. मात्र नवा जिल्हा म्हटला की नव्या कचेऱ्या येतात, नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले कारकून येतात, आणि बदलून आलेल्या कारकुनाची एक बायको गावाकडे असते व दुसरी होऊ घातलेली असते. हे ओळखून मी नांदेडची वकिली गुंडाळली आणि सहा महिन्यांत लातूरला येऊन पाटी लावली. अंदाज चुकला नाही. हे घर अशा कारकुनांच्या भानगडींवर उभे आहे. यात वडिलार्जित एक वीटही नाही, तेव्हा हिस्सा मागायला कोणी येऊ नये.

घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण, अंगणातला कडुलिंब आणि बोअर हे सर्व चांगुणाला मिळावे. तिच्या नावाआधीचा शब्द पुढे योग्य जागी लिहीन.

बोअरला दोनशे दहा फुटांवर पाणी लागले. यंदा पुन्हा दुष्काळ आहे, गल्लीतले बाकीचे बोअर नुसती हवा सोडतात, आणि नगरपालिकेचा टँकर येतो तो आल्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर निघून गेलेला असतो. रोज सकाळी सहा ते आठ आमच्या अंगणात गल्लीची रांग लागते. ती माझ्यामागेही लागावी. रांगेत भांडण झाल्यास चांगुणाचा निकाल शेवटचा, त्यावर अपील नाही. समोरचे निवृत्त मास्तर पहिल्या वर्षी आमच्याकडे आले तेव्हा पित्ताचे निमित्त सांगून चहाला शिवले नाहीत. यंदा घागर घेऊन पहिला नंबर त्यांचा असतो. त्यांना पाणी पोटभर द्यावे. सोबत चहाही पुढे करावा आणि पित्त कसे आहे ते विचारावे.

कलम २. पुढची खोली.

रस्त्याकडची खोली आजवर माझे ऑफिस होते. ती मी सिद्धम्माला देतो. ही सिद्धम्मा म्हणजे बसस्टँडसमोर भाकरी विकते ती, उदगीरकडची. हा नाद काय म्हणून कोणी हसू नये. १९८४ साली तिने नवऱ्यावर पोटगीची केस केली होती आणि नवऱ्याचा वकील मी होतो. मी तिला पिंजऱ्यात उभी करून विचारले, "बाई, लग्न झाल्याचा पुरावा काय?" तिच्याकडे ना पत्रिका, ना फोटो. अक्षता टाकायला आलेले लोक दुष्काळात पुण्या-मुंबईकडे पांगलेले. ती म्हणाली, "साहेब, गावाला इचारा की." गाव कोर्टात येत नसते. मी केस जिंकलो. तिचे लग्न झाले होते हे मला पक्के ठाऊक होते, कारण नवऱ्याने फी देताना मला लग्नातल्या जेवणाचे वर्णन ऐकवले होते.

तो प्रश्न ज्या खोलीत बसून तयार केला ती खोली तिची. तिने तिथे खानावळ काढावी. काळ्या कोटाचे तिने काय करावे हे मी सांगत नाही, पण गरम तवा धरायला तो बरा पडेल. माझी कायद्याची पुस्तके जाड आहेत, चुलीजवळ बसायला चालतील.

कलम ३. फौजेचे सामान.

पंधरा वर्षे नोकरी केली. बासष्टच्या हिवाळ्यात बर्फात असताना उजव्या पायाची दोन बोटे सरकारजमा झाली. गरम बूट आले ते पुढच्या उन्हाळ्यात, तेही दोन्ही डाव्या पायाचे. पदके तीन आहेत. एक हजर राहिल्याबद्दल, एक मेलो नाही म्हणून, आणि एक सगळ्यांनाच दिले ते. कोर्टातला टंकलेखक नजीर याने माझ्या लढाईच्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या आहेत की आता तो त्या माझ्यापेक्षा चांगल्या सांगतो आणि त्यात शत्रूही जास्त मारतो. पदके त्यालाच शोभतील. परंतु मृत्युपत्राच्या साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, हे मी अशिलांना बारा वर्षे बजावत आलो आणि साक्षीदार तर नजीरच आहे. सबब त्याला काहीही देत नाही. पदके गेल्या शुक्रवारी त्याच्या घरी नेऊन दिली.

कलम ४. अण्णाराव.

अण्णाराव हा माझा सख्खा पुतण्या, तहसिलीत कारकून. आम्हाला मूलबाळ झाले नाही, म्हणून आपणच वारस असे त्याने स्वतःच्या मनाने ठरवून घेतले आहे. गेल्या पोळ्याला तो घरी आला, आमच्या पंगतीला जेवायला बसला, आणि चांगुणा वाढत असताना मला म्हणाला, "काका, तुमीच तर दर जयंतीला भाषणात सांगताव. पहिल्या बायकोची फारकत न्हाई, काडीमोड न्हाई. मग कायद्यानं ही बाई कोण हाय आपली?"

चांगुणाने त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि आत गेली. तो गेल्यावर बाहेर येऊन तिने मला एवढेच विचारले, "मी कोण हाय मग?"

मी बारा वर्षे याच प्रश्नांवर पोट भरले, आणि तिला म्हणालो, पुस्तक पाहून सांगतो. घर मी कोणालाही देऊ शकतो, त्याला नाते लागत नाही. पण फौजेची पेन्शन फक्त विवाहित बायकोला जाते, आणि फौजेच्या दप्तरी अजून पहिलीचेच नाव आहे. त्याहून वाईट म्हणजे मी गेल्यावर कोणी तरी वकील चांगुणाला पिंजऱ्यात उभी करणार आणि लग्नाचा पुरावा मागणार. मी सिद्धम्माला विचारले त्याच शब्दांत विचारणार. ते मला मरणाहून नको होते.

कलम ५. हे कलम नव्हे, कबुली आहे.

माझे पहिले लग्न १९५२ साली देगलूरकडच्या भामाबाईशी झाले. दुसऱ्या वर्षी मी फौजेत भरती झालो. छप्पन्ननंतर आमच्या गावानेही धम्म स्वीकारला, आणि मी वर्षातून एकदा रजेवर आलो की गावाला नवा धर्म समजावून सांगू लागलो, जणू तो पोस्टाने माझ्याच पत्त्यावर आला होता. अठ्ठावन्न साली भामाबाई म्हणाली, "वर्सातून एकदा तुमचं तोंड दिसतंय, आन ते बी भाषण करतंय. मला न्हाई जमत." बाई खरे बोलली. आम्ही वेगळे व्हायचे ठरवले.

आमच्यात जुना रिवाज काडीमोडीचा. नवरा-बायकोने पाच पंचांसमोर बसायचे, नवऱ्याने गवताची काडी मोडायची, की दोघे मोकळे. वडिलांनी पंच बोलावले. मी भर चावडीत उभा राहून म्हणालो की आम्ही जुने सगळे सोडले, जातीचे पंच सोडले, आता काडी मोडायला बसणार नाही, मी या बाईला तोंडी मोकळी करतो. मग पेटी उचलून मुदखेडला गाडी धरली. वडील, केरबा सटवाजी, स्टेशनपर्यंत मागे मागे आले. मी त्यांना सर्वांदेखत म्हणालो, "बाबा, तुम्ही बदलणार नाही." त्यांनी डबा खिडकीतून आत दिला.

भामाबाईने पुढच्या वर्षी देगलूरच्या मोंढ्यातले हमालांचे मुकादम नागोराव यांच्याशी संसार मांडला. मी अडुसष्टला फौज सोडली. एकोणसत्तरला मुदखेड जंक्शनच्या गँगमनची मुलगी चांगुणा हिच्याशी बौद्ध पद्धतीने लग्न केले. बी.ए. फौजेत असतानाच बाहेरून केले होते. आता नांदेडला सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातले. तिथे दुसऱ्याच वर्षी पुस्तकात वाचले: समाजाचा रिवाज असेल तर काडीमोड कायद्याला मान्य आहे. रिवाज पाळला नसेल तर कोर्टाचा हुकूम हवा. माझ्याकडे रिवाजही नव्हता आणि हुकूमही नव्हता. होते ते फक्त भाषण. वर्गातल्या बाकावर बसल्या बसल्या माझे दुसरे लग्न रद्दबातल झाले आणि मी गुन्हेगार ठरलो. मास्तरांना शंका विचारायचीही सोय नव्हती.

तरी माणसाची खोड पाहा. त्यानंतरही दर चौदा एप्रिलला मी स्टेजवर तो चावडीचा पराक्रम सांगत राहिलो. टाळ्या पडत. पहिल्या रांगेत अण्णाराव बसत असे. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या उत्साहाने, लाउडस्पीकर लावून, पंधरा वर्षे देणारा दुसरा आरोपी मी पाहिला नाही.

कलम ६. देगलूर.

गेल्या महिन्यात दुसरी कळ आल्यावर मी परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज टाइप केला आणि भामाबाईची सही आणायला उदगीरमार्गे देगलूरच्या एस.टी.त बसलो. उदगीर सुटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज घटस्फोट मागायचा म्हणजे आजपर्यंत लग्न होते असे दोघांनी कोर्टाला सांगायचे. मग भामाबाईचा तिकडचा अठ्ठावीस वर्षांचा संसार काय ठरणार? तिच्या चार लेकरांना, सुनांना, नातवंडांना काय म्हणणार? चांगुणाला बायको ठरवण्यासाठी मला भामाबाईला रखेली ठरवावे लागणार होते. देगलूरला उतरलो तो अर्ज पिशवीच्या तळाशी घालूनच. परतीची गाडी तीन तासांनी होती आणि घसा वाळला होता, म्हणून गेलो, एवढेच.

नागोराव ओट्यावर होते. म्हणाले, "या वकीलसाहेब. लांबून आलाव." भामाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. माझ्यापेक्षा तिचे केस काळे आहेत. पाणी प्यायलो आणि न बोलायचे ठरवलेले बोलून टाकले.

"भामाबाई, आपली फारकत झालेलीच नाही."

"आँ? झाली की."

"मी पंचांसमोर बसलो नव्हतो."

"तुमी न्हाई बसलाव. मामा बसले व्हते." मामा म्हणजे तिचे सासरे, माझे वडील. "तुमी गाडीत बसून गेलाव. माझा बाप रडाया लागला, कागद झाल्याबिगर पोरीला दुसरं घर कोण देईल म्हणून. मग मामा टेसनावरून आले ते तसेच चावडीवर बसले. पोरगं फौजेत असलं तर बाप काडी मोडतो, आसा रिवाज हाय म्हणले. तुमच्या नावानं त्यांनीच मोडली. कागद केला. माझ्या ट्रंकेत हाय."

मी विचारले, "मला कोणी सांगितले का नाही?"

चिंच फोडता फोडता ती म्हणाली, "मामांनीच वर्जलं. म्हणले, पोराला कळू देऊ नका. त्याला लाज वाटंल, बाप जुन्यात गेला म्हणून. त्याला भाषण करू द्या, आपण आपलं काम करू."

कागद तिने आणून दिला. शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर लागते. पाच पंचांच्या निशाण्या, आणि खाली: नरसिंग फौजेत असलेकारणे त्याजकरिता बाप केरबा सटवाजी, डावा अंगठा. पाचांपैकी चार पंच वारले. पाचवे ज्ञानोबा हयात आहेत, ऐकू येत नाही पण साक्षीपुरते बोलतात.

अण्णाराव म्हणेल की धर्म बदलल्यावर जुना रिवाज कुठला. हा मुद्दा बिनतोड आहे. तो मी स्वतः चार पानांत मांडून ठेवला आहे आणि त्याचे उत्तर सहा पानांत. दोन्ही कपाटात आहेत. त्याने लागेल ते घ्यावे.

मला मात्र बाहत्तरचा दुष्काळ आठवला. तेव्हा मी शिकत होतो आणि पोटासाठी आमच्या भागातल्या खडीच्या कामावर हजेरी घेत होतो. वडील सत्तरीला टेकले होते, तेही खडी फोडायला येत. मी फौजी आवाजात नावे पुकारायचो, "केरबा सटवाजी", आणि ते उभे राहून म्हणायचे, "हजर, साहेब." बाकीचे हसत. ते हसत नसत, खरोखर मान देऊन म्हणत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना लोकांसमोर जुन्या चालीरीतींवरून टोचायचो. ते भाकरी खात ऐकून घ्यायचे. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात त्याच कामावर त्यांना ऊन लागले आणि ते गेले. एका वाक्यात मला गप्प करता आले असते, ते वाक्य त्यांनी पंधरा वर्षे तोंडातून काढले नाही. मी माझ्या बापाला मूर्ख समजत होतो. याचे मला आज जितके वाईट वाटते तितके कशाचेही वाटत नाही.

कलम ७. तो शब्द.

सबब कलम १ मध्ये सांगितलेली मिळकत माझी पत्नी चांगुणा नरसिंग गजभारे हिला मिळावी. पत्नी हा शब्द मी पूर्ण विचाराने आणि कागदाच्या आधाराने लिहितो. पेन्शनच्या दप्तरात नाव बदलण्याचा अर्ज कागदाच्या नकलेसह रवाना केला आहे, पोचपावती माझ्या कागदांच्या डब्यात आहे.

देगलूरहून येऊन तिला हे सांगितले तेव्हा ती जोंधळे निवडत होती. तिने सुपातले खडे वेचून संपवले. मग म्हणाली, "म्हंजे अठरा वर्सं मी बायकोच व्हते, आन तुमी उगंच भेऊन राहिलताव?"

"हो."

"बरं झालं न्हाई सांगितलं कुणी. भेत व्हताव म्हणून नीट वागलाव."

कलम ८. अण्णारावला माझी सायकल मिळावी. अट एकच. येत्या चौदा एप्रिलला त्याने माझ्या नेहमीच्या जागी उभे राहून या मृत्युपत्राचे पाचवे आणि सहावे कलम लाउडस्पीकरवर वाचावे. टाळ्या पडल्या तर त्या केरबा सटवाजींच्या आहेत, त्याने स्वतःकडे घेऊ नयेत. वाचले नाही तर सायकल नजीरच्या घराजवळ विसरून यावी.

कलम ९. अंत्यविधी साधा करावा. बिगुल वाजवणारा आणू नये, लातुरात तो लग्नाच्या बँडातलाच मिळतो आणि त्याला एकच चाल येते. बार असोसिएशनने शोकसभेत मला निःस्पृह म्हणू नये. सिद्धम्मा तिथे असेल.

कलम १०. माझ्या वडिलांचा एकही फोटो नाही. कोणी काढलाच नाही. हजेरीपटांवर त्यांचे अंगठे होते, ते पट सरकारकडे गेले आणि त्यांचे काय झाले ते सरकारलाही ठाऊक नसेल. त्यांचे म्हणून जे उरले आहे ते या काडीमोडीच्या कागदावर आहे, आणि तेही माझ्या नावापुढे. पेन्शनचे काम पुरे होईपर्यंत मूळ कागद चांगुणाने ट्रंकेत ठेवावा. त्यानंतर बैठकीत माझा गणवेशातला मोठा फोटो आहे तो उतरवावा आणि त्याच खिळ्यावर हा कागद काचेत घालून लावावा. कोणी विचारले की हे काय आहे, तर हे आमचे मामा आहेत असे तिने सांगावे.

वरील मजकूर मी स्वतः सांगून टाइप करवून घेतला, मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. आधीचे तीन मसुदे नव्हतेच असे समजावे. हेच शेवटचे.

लातूर, दिनांक ८ जून १९८७

नरसिंग केरबा
(लिहिता येत असूनही सहीशेजारी डावा अंगठा उठवला आहे.)

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत वरील सही व अंगठा झाला:

१. नजीर पाशामियाँ, टंकलेखक, राहणार लातूर. सही.

२. भामाबाई, राहणार देगलूर, या कामी लातूरला आलेली. निशाणी अंगठा. नाते काय लिहू, असे नजीरने विचारले असता तिने सांगितले ते जसेच्या तसे: "नागोरावची बायको. आन केरबामामाची सून व्हते."